परका शब्द, परका माणूस

आमच्या भाचीने एका निबंधस्पर्धेत भाग घेतला होता. विषय होता ‘माझी आजी’. तिने आपल्या नानीवर लिहिले. नानी हयातभर चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत राहिली, दारी आलेला माणूस उपाशी परत जाणे तिला कधी कबूल नव्हते, आणि जाताना तिने कुणाचे कर्ज मागे ठेवले नाही, असा तो साधा निबंध होता. तो परत आला तेव्हा ‘नानी’, ‘हयातभर’, ‘कबूल’ आणि ‘कर्ज’ या चार शब्दांभोवती लाल शाईची वर्तुळे होती. खाली लिहिले होते, ‘‘भाषा ओघवती आहे. परंतु परके शब्द टाळून शुद्ध मराठी लिहावे.’’ त्याखाली परीक्षकांची सही आणि तारीख.

वाचकहो, ‘सही’ अरबी आहे. ‘तारीख’ अरबी आहे. ‘लाल’ फारसी आहे. ‘शाई’ ही फारसीतली ‘सियाही’, म्हणजे काळेपणा. ज्या काळेपणाने परीक्षकांनी आमच्या मुलीचे शब्द बाद केले तो काळेपणा लाल रंगाचा होता, आणि दोन्ही शब्द त्यांच्याच व्याख्येप्रमाणे परके होते. राहिली ‘नानी’. ती ना अरबस्तानातून आली, ना इराणातून. ती याच मातीतली. मग तिच्याभोवती वर्तुळ का? कारण एकच. हा शब्द मुसलमानाच्या घरात बोलला जातो, एवढे परीक्षकांना ठाऊक होते. त्यांनी शब्दाचे मूळ तपासलेच नव्हते, घर तपासले होते.

आम्ही त्यांना भेटलो. गृहस्थ सज्जन. चहा पाजला. म्हणाले, ‘‘तुमच्याबद्दल मनात काही नाही हो. पण प्रत्येक भाषेचं स्वतःचं असं काही असतं. इंग्रजांकडे बघा. त्यांनी आपली भाषा कशी निगुतीनं जपली! म्हणून तर ती जगभर गेली.’’

घरी आलो तर दुसरा धडा वाट पाहत होता. नात्यातले एक बुजुर्ग बसले होते. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘मराठीत लिहायला सांगितलं कुणी पोरीला? आपली जबान उर्दू.’’ ज्यांच्या आजोबांची खरेदीखते मराठीत, ज्यांचे भांडण मराठीत, ज्यांचा बाजारहाट मराठीत, त्यांनी हे म्हणावे! एकाने सांगितले, तुमचे शब्द मराठीचे नाहीत. दुसऱ्याने सांगितले, मराठी तुमची नाही. दोघांची तोंडे दोन दिशांना, पण चूक एकच. दोघेही शब्दाच्या जन्मगावावरून त्याचा मालक ठरवत होते.

इंग्रजांकडे बघा, असे सांगितले गेले म्हणून आम्ही खरोखरच बघितले. आणि जे दिसले ते दोघांनाही ऐकवायला हवे, असे वाटल्याने हा लेख लिहीत आहोत.

आज आपण ज्याला इंग्रजी म्हणतो तिचे सर्वांत जुने रूप म्हणजे अँग्लो-सॅक्सन, अर्थात जुनी इंग्रजी. पाचव्या शतकापासून आजच्या जर्मनीच्या उत्तर भागातून आणि डेन्मार्कमधून अँगल, सॅक्सन, ज्यूट या टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आल्या. ही त्यांची बोली. त्या येण्याआधी ब्रिटनमध्ये लोक राहत होतेच. त्यांची भाषा होती, गावे होती, चर्च होती. या मूळच्या रहिवाशांना नव्याने आलेल्या मंडळींनी काय म्हणावे? त्यांनी म्हटले ‘वेआल्ह’. अर्थ, परका.

हा शब्द आजही जिवंत आहे. ‘वेल्श’ आणि ‘वेल्स’ ही त्याचीच रूपे. ‘कॉर्नवॉल’ या नावातला ‘वॉल’ तोच. अक्रोडाला इंग्रजीत ‘वॉलनट’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ परक्या मुलखातले कवचीचे फळ. समुद्रापलीकडून काल आलेला माणूस, पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदणाऱ्याला त्याच्याच अंगणात उभा राहून ‘तू परका’ म्हणतो, आणि तो शब्द देशाचे नाव होऊन बसतो!

गोष्ट नुसत्या नावावर थांबली नाही. जुन्या इंग्रजीतच ‘वेआल्ह’चा दुसरा अर्थ झाला गुलाम. वेसेक्सचा राजा इने याने सातव्या शतकाच्या अखेरीस कायदे केले. त्या काळी खून झाला तर मेलेल्याच्या नातलगांना भरपाई द्यावी लागे. तिला ‘वेरगिल्ड’ म्हणत. ‘वेर’ म्हणजे पुरुष. आपल्याकडच्या वाचकांना ‘दियत’ हा शब्द माहीत आहे, तसाच प्रकार. या कायद्यांत पाच हाईड जमीन बाळगणाऱ्या वेआल्हच्या जिवाची किंमत 600 शिलिंग आहे, तर सॅक्सन सरदाराच्या जिवाची 1200. परका ठरला की माणूस निम्म्या भावात येतो. आधी शब्द येतो, मग दर ठरतो. आमच्या मुलीच्या शब्दांभोवतीची लाल वर्तुळे आम्हाला किरकोळ वाटत नाहीत, ती यासाठी.

आणि ते वेल्श स्वतःला काय म्हणत? ‘कुम्री’. त्यांच्या भाषेत याचा मूळ अर्थ आहे एकाच मुलखातले, म्हणजे देशबांधव. हमवतन. एकीकडून हाक येते ‘परका’, आणि तो उत्तर देतो ‘हमवतन’. तेराचौदाशे वर्षांपूर्वीचा हा संवाद आम्हाला फार ओळखीचा वाटला.

आता ‘निगुतीने जपलेल्या’ भाषेकडे वळू. तिचे दप्तर उघडले की पहिल्याच पानावर उसनवारी सुरू होते. रस्त्याला ‘स्ट्रीट’, दारूला ‘वाइन’, भिंतीला ‘वॉल’, चीजला ‘चीज’ हे सगळे शब्द जुन्या इंग्रजीने लॅटिनमधून घेतले. ‘चर्च’ ग्रीकमधून आला. जुन्या इंग्रजीत मिऱ्याला ‘पिपोर’ म्हणत. हा शब्द लॅटिनकडून, लॅटिनला ग्रीककडून, आणि ग्रीकांना मिळाला तो आपल्या ‘पिप्पली’वरून. आपण आजही जिला पिंपळी म्हणतो तीच ही. बीड नावाचा मोठा ख्रिस्ती विद्वान 735 साली इंग्लंडच्या उत्तरेला जॅरोच्या मठात वारला. मरण्याआधी त्याने आपल्याजवळच्या मोजक्या चीजवस्तू सोबत्यांना वाटून दिल्या. त्यांत मिरे होते, असे त्याच्या शिष्याने पत्रात नोंदवले आहे. इंग्लंडचा इतिहास लिहिणाऱ्या पहिल्या थोर माणसाच्या पेटीत हिंदुस्थानचा मसाला होता, आणि त्याच्या भाषेत त्या मसाल्याचे नाव होते.

याच शतकातले आणखी एक उदाहरण. ऑफा हा मर्सियाचा राजा, 757 ते 796 हा त्याचा काळ. त्याने सोन्याचे एक नाणे पाडले. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नाणे म्हणजे खलिफा अल-मन्सूरच्या दिनारची हुबेहूब नक्कल. त्यावर हिजरी 157 हे साल आहे, अरबी कलमा आहे, आणि त्या अरबी ओळींमध्ये उलटे बसवलेले ‘ऑफा रेक्स’ आहे. अरबी अक्षरे आणि लॅटिन पदवी एकाच नाण्यावर. ज्याने साचा केला त्याला अरबी वाचता येत नव्हते, हे उघड आहे. पण बाजारात खऱ्या सोन्याची ओळख ज्या अक्षरांनी पटत होती ती त्याने घेतली. राजाचा धर्म बुडाला नाही. राज्यही बुडाले नाही.

मग आले डेन्मार्क-नॉर्वेकडचे दर्यावर्दी, ज्यांना व्हायकिंग म्हणतात. त्यांनी मठ लुटले, गावे जाळली. राजा आल्फ्रेडची हयात त्यांच्याशी लढण्यात गेली. तो 899 मध्ये वारला. आणि भाषेत काय झाले? ‘लॉ’, म्हणजे कायदा, हा शब्द त्या शत्रूंचा. ‘हजबंड’ त्यांचा. ‘विंडो’ त्यांचा, त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. आकाशाला ‘स्काय’, चाकूला ‘नाइफ’, रागाला ‘अँगर’ हे त्यांचेच. इतकेच काय, ‘दे’, ‘देम’, ‘देअर’, म्हणजे ‘ते’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’, हीसुद्धा त्यांचीच. ज्यांना ‘ते’ म्हणून हाकलायचे, त्यांच्याकडूनच ‘ते’ हा शब्द घ्यावा लागला. यापेक्षा मोठी चपराक शुद्धिवाद्याला कोणती हवी?

अंड्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने 1490 साली ती एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितली. काही व्यापारी जहाजाने निघाले होते. वारा पडला म्हणून थेम्सच्या मुखाकडे किनाऱ्याला उतरले. एका घरी गेले आणि घरधनिणीकडे खायला ‘एग्ज’ मागितले. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. मागणारा चिडला. त्यालाही फ्रेंच येत नव्हती, तो इंग्रजीच बोलत होता! शेवटी कुणीतरी ‘आयरेन’ म्हटले, तेव्हा तिला उमगले. ‘आयरेन’ हा जुन्या इंग्रजीच्या वंशातला शब्द, ‘एग’ हा उत्तरेकडच्या दर्यावर्द्यांचा. बाईने शेजारच्या मुलखातला शब्द ऐकला आणि तो फ्रेंच ठरवून टाकला. आमचे परीक्षक ‘नानी’ ऐकून अगदी असेच दचकले. आज सगळे जग ‘एग’ म्हणते. त्या बाईचा ‘शुद्ध’ शब्द कोशात झोपला आहे.

1066 साली नॉर्मन आले. राज्य त्यांचे, दरबार फ्रेंच. पुढच्या तीन-चारशे वर्षांत फ्रेंच शब्दांचा पूर आला. ‘कोर्ट’, ‘जज’, ‘आर्मी’, ‘पार्लमेंट’ सगळे त्या वाटेने. वॉल्टर स्कॉटने 1819 च्या आपल्या ‘आयव्हॅनहो’ कादंबरीत एक गोष्ट विदूषकाच्या तोंडून मार्मिकपणे दाखवली. जनावर रानात चरते तोवर त्याचे नाव सॅक्सन, कारण राखणारा सॅक्सन. ते शिजून ताटात आले की नाव फ्रेंच, कारण खाणारा नॉर्मन. मेंढी जिवंत असताना ‘शीप’, शिजली की ‘मटन’. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या ‘मटणाचे दुकान’ या पाटीवर पहिला शब्द नॉर्मन फ्रेंच, दुसरा अरबी-फारसी वाटेचा, मधला प्रत्यय मराठीचा. आणि ती पाटी निखळ मराठी आहे. ती वाचून कुणाला दुभाषा लागत नाही.

आज इंग्रजी कोशातले निम्म्याहून अधिक शब्द फ्रेंच-लॅटिन घराण्यातले आहेत. भाषा जगभर गेली ती शुद्धतेमुळे, असे म्हणणाऱ्याने तिचा कोश उघडलेला नाही. ती गेली जहाजांमुळे, तोफांमुळे, व्यापारामुळे. तग धरला तो मात्र या सैल हातामुळे.

‘पण इंग्रजांतही शुद्धिवादी झालेच ना?’ असे कुणी विचारील. झाले. सर जॉन चीक हा केंब्रिजचा ग्रीकचा प्राध्यापक. 1557 साली त्याने एका पत्रात बजावले की आपली भाषा निर्भेळ राखावी, उसने घेत सुटू नये. गंमत अशी की ‘शुद्ध’ म्हणताना त्याने ‘क्लीन’ या जुन्या इंग्रजी शब्दाच्या जोडीला ‘प्युअर’ हा फ्रेंच वाटेने आलेला शब्द वापरला. शुद्धतेचा शब्दच भेसळीचा! मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचा अनुवाद करताना त्याने रोमन शताधिपतीसाठी ‘सेंच्युरियन’ टाळून ‘हंड्रेडर’ घडवला, वेड्यासाठी ‘ल्युनॅटिक’ टाळून ‘मून्ड’, म्हणजे चंद्र लागलेला. हे शब्द त्याच्याबरोबरच गेले.

एकोणिसाव्या शतकात विल्यम बार्न्स झाला. डॉर्सेटचा धर्मोपदेशक आणि कवी, 1801 ते 1886. माणूस प्रेमळ आणि विद्वान. व्याकरणाला ‘स्पीचक्राफ्ट’ म्हणा, वनस्पतिशास्त्राला ‘वर्टलोअर’ म्हणा, फोटोला ‘सनप्रिंट’ म्हणा, असा त्याचा आग्रह. इंग्रज अजूनही ‘ग्रामर’, ‘बॉटनी’ आणि ‘फोटो’च म्हणतो. आणि हा बार्न्स फारसी आणि हिंदुस्थानी शिकलेला होता! आपल्या डॉर्सेट बोलीतल्या एका कवितेत त्याने फारसी पद्यरचनेतला अलंकार वापरला. शब्द हाकलणाऱ्याने छंद आत घेतला. मन इतके सरळ नसते, वाचकहो.

आम्ही एकतर्फी बोलत नाही. प्रयत्नपूर्वक घडवलेले काही शब्द इंग्रजीत रुजले. ‘फोकलोअर’ हा शब्द विल्यम थॉम्सने 1846 मध्ये मांडला आणि तो जगाने घेतला. जुन्या इंग्रजीतला ‘हँडबुक’ एकोणिसाव्या शतकात पुन्हा उठून उभा राहिला. आपल्याकडेही सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून आलेले ‘महापौर’, ‘दिनांक’ रुळले. चांगले झाले. घरात एक माणूस वाढला. पण अर्जावर ‘दिनांक’ लिहिणारा माणूस कोर्टातून परतताना ‘तारीख पडली’ असेच म्हणतो. शिवकालात राज्यव्यवहारकोश झाला, तो दरबारी व्यवहारासाठी होता. ‘पेशवा’ऐवजी ‘मुख्यप्रधान’ शिक्क्यावर कोरला गेला, तरी लोकांच्या तोंडी पेशवे राहिले ते पेशवेच. नवा शब्द घडवायला आमची हरकत नाही. जुन्या शब्दाला हद्दपारीची नोटीस देण्याला आहे. आणि ती नोटीस शब्दावर बजावून माणसाला देण्याला तर शंभरदा आहे. ‘हिंदू’ हा शब्दही सिंधूवरून इराण्यांच्या तोंडी तयार झालेला. त्याला कुणी परका म्हणू नये. मग वर्तुळ ‘हयातभर’भोवतीच का?

आणखी खोल गेले तर ‘परके’पणाचा पायाच डळमळतो. जुन्या इंग्रजीत भावाला ‘ब्रोथोर’, संस्कृतात ‘भ्रातृ’, फारसीत ‘बिरादर’. मुलीला जुन्या इंग्रजीत ‘दोख्तोर’, संस्कृतात ‘दुहितृ’, फारसीत ‘दुख्तर’. नावाला जुन्या इंग्रजीत ‘नामा’, संस्कृतात ‘नामन्’, फारसीत ‘नाम’. सर विल्यम जोन्स हा कलकत्त्याचा न्यायाधीश. 1771 साली त्याने फारसीचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. 1786 साली त्याने एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचे नाते इतके जवळचे आहे की त्यांचे मूळ एकच असावे. जुनी फारसीही त्याने त्याच कुळात घातली. फारसी ही संस्कृतची सख्खी बहीण, जुनी इंग्रजी दूरची चुलत बहीण. खुद्द ‘नमाज’ हा फारसी शब्द संस्कृत ‘नमस्’चा आप्त आहे. बहिणीला परकी म्हणून दाराबाहेर उभी करायची आणि सातासमुद्रापलीकडच्या चुलतीचे गुण गायचे, ही कुठली कुळाची चाड?

इथे आमचे बुजुर्ग सरसावून बसतील. ‘नमाज’ आणि ‘नमस्’ एक, म्हणजे नमाज म्हणजे नमस्कारच झाला की काय? नाही झाला. हाच तर आमचा मुद्दा आहे. मूळ एक असले म्हणून अर्थ एक होत नाही. मूळ हा शब्दाचा जन्मदाखला, आणि जन्मदाखल्यावर माणसाचे कर्तृत्व लिहिलेले नसते.

जुन्या इंग्रजीतले शब्द पाहा. ‘सॅलिग’ म्हणजे ज्याच्यावर देवाची कृपा आहे असा. तो झिजत झिजत ‘सिली’ झाला, म्हणजे बावळट. ‘देओर’ म्हणजे कुठलेही जनावर, आज ‘डिअर’ म्हणजे फक्त हरिण. ‘मेटे’ म्हणजे कुठलेही अन्न, आज ‘मीट’ म्हणजे मांस. ‘क्नावा’ आणि ‘क्निख्ट’ या दोन्ही शब्दांचा अर्थ मुलगा, पोरगा. एकाच अंगणात वाढलेले हे दोन पोरगे. पहिला ‘नेव्ह’ झाला, म्हणजे लुच्चा. दुसरा ‘नाइट’ झाला, म्हणजे सरदार, ज्याला ‘सर’ म्हणतात. जन्म सारखाच, पुढची संगत वेगळी.

आमच्याकडेही तेच. अरबीत ‘फाजिल’ म्हणजे गुणवंत, विद्वान. मराठीत कुणाला फाजील म्हणून पाहा! अरबीत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. कोल्हापुरात तालीम म्हणजे जिथे लाल मातीत पोरे घुमतात ती जागा. अरब माणूस कोल्हापूरच्या तालमीत आला तर पाट्या शोधत बसेल. हे शब्द अरबस्तानचे राहिलेले नाहीत. ते मराठीने आपल्या मातीत लोळवून आपले केले.

म्हणूनच आमच्या समाजातही एक पळवाट बंद व्हायला हवी. ‘जिहाद म्हणजे मुळात प्रयत्न’, असे आमचे वक्ते सभेत सांगतात. खरे आहे, मुळात प्रयत्नच. पण तेवढे सांगून सुटका होत नाही. इंग्रजाने ‘सिली’ म्हटले तर ‘मुळात अर्थ पुण्यवान’ असे सांगून कुणाचे समाधान होते काय? शब्दाचा अर्थ तो वापरणाऱ्याच्या वागण्यावर ठरतो. जे त्या नावाने रक्त सांडतात त्यांनी शब्द बिघडवला, आणि ज्यांनी खोटी भीती पसरवायला तो वापरला त्यांनी आणखी बिघडवला. तो सुधारायचा तर कोश पुरणार नाही. प्रयत्न हा अर्थ आपल्याला जगून दाखवावा लागेल.

तशीच दुसरी हौस. इंग्रजीतले ‘अल्जिब्रा’, ‘अल्कोहोल’, ‘कॉटन’ हे शब्द अरबीतून गेले, अशी यादी आमच्याकडे छाती फुगवून वाचली जाते. यादी खरी आहे. पण त्या शब्दांनी इंग्रज काही आपला कर्जदार झाला नाही. ज्यांनी ते ज्ञान कमावले ते कमावून गेले. आपण आज काय कमावतो, ते सांगा.

आणि आमच्यातले शुद्धिवादी! बापजाद्यांपासून निरोप घेताना ‘खुदा हाफिज’ म्हणत आलेल्या माणसाला हल्ली कुणीतरी थांबवतो आणि सांगतो, ‘खुदा’ नको, तो फारसी शब्द, ‘अल्लाह हाफिज’ म्हणा. ज्याला जे म्हणावेसे वाटेल ते त्याने म्हणावे. पण म्हाताऱ्या माणसाला जुना शब्द म्हटल्याबद्दल ओशाळे करणे, हे लाल शाईचे वर्तुळच आहे. ‘नमाज’ फारसी, ‘रोजा’ फारसी, मग त्यांचे काय करायचे? इंग्लंडमध्ये 597 साली रोमहून ख्रिस्ती प्रचारक आले. तिथल्या लोकांचा ‘गॉड’ हा शब्द त्या धर्मापूर्वीचा. ईस्टर या सर्वांत मोठ्या सणाचे नाव एका जुन्या देवीवरून पडले, असे त्याच बीडने लिहून ठेवले आहे. तरी दोन्ही शब्द राहिले. ‘फ्रायडे’ हा फ्रिग नावाच्या जुन्या देवीचा वार. आज लंडनमधला मुसलमान ‘फ्रायडे प्रेअर’ला जातो आणि त्याच्या इमानाला तडा जात नाही. श्रद्धा माणसाच्या मनात असते. तिला शब्दाच्या खापरपणजोबांचा दाखला लागत नाही.

मराठी आपली नाही, म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, तेव्हा त्यांनी कुणाची परवानगी मागितली नव्हती. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेही परवानगी मागायला नव्हे. उर्दूवर प्रेम करा, ती शिका, आम्हालाही ती प्रिय आहे. पण ज्या भाषेत आई रागावली, ज्या भाषेत पहिला हिशेब केला, तिला परकी म्हणू नका. आपण स्वतःलाच वेआल्ह म्हणवून घेऊ लागलो तर दुसऱ्याला दोष कसा द्यायचा?

शेवटी पुन्हा भाचीच्या निबंधाकडे. जुन्या इंग्रजीत पावाला, भाकरीला ‘ह्लाफ’ म्हणत. आजचा ‘लोफ’ तो हाच. घराच्या धन्याला ‘ह्लाफवेआर्ड’ म्हणत, म्हणजे भाकरीचा राखणदार. घरातल्या चाकराला ‘ह्लाफअॅटा’, म्हणजे भाकरी खाणारा. इंग्लंडच्या सर्वांत जुन्या, केंटच्या राजा एथेलबर्टच्या कायद्यात हा शब्द आहे. आणि घरधनिणीला ‘ह्लॅफदिये’, म्हणजे भाकरीचे पीठ मळणारी. ‘ह्लाफवेआर्ड’चा झाला ‘लॉर्ड’. ‘ह्लॅफदिये’ची झाली ‘लेडी’. ज्या पदव्यांसाठी आपले संस्थानिक जीव टाकत त्यांच्या मुळाशी भाकरी आहे. 1998 साली पोला उद्दीन या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये गेल्या. पार्लमेंटमध्ये बसणाऱ्या त्या पहिल्या मुस्लिम स्त्री. जन्म त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातला. ज्या भाषेने ‘परका’ म्हणून एका आख्ख्या देशाला नाव दिले, तिनेच दूरदेशीच्या मुलीला ‘लेडी’ म्हटले. भाषेला दोन्ही करता येते. काय करायचे ते बोलणाऱ्यांनी ठरवायचे असते.

आम्ही भाचीला सांगितले, निबंधातला एकही शब्द बदलू नकोस. ‘नानी’ राहू दे, ‘हयातभर’ राहू दे, ‘कबूल’ राहू दे, ‘कर्ज’ राहू दे. ‘भाकरी’ तर आहेच. ज्या बाईने जन्मभर पीठ मळून दारी आलेल्याला जेवू घातले, आणि आलेला कोण, कुठला, हे आधी विचारले नाही, तिच्यावरचा निबंध कुणी शब्दांची जात विचारून तपासू नये.

परीक्षकांना आम्ही एक पत्र पाठवले आहे. मराठीत. खाली सही आणि तारीख आहे. शाई या वेळी निळी आहे.